नाव पुकारणारी बाई

पांढरे हातमोजे किनुएने स्वतःच्या हाताने धुतले होते, आणि इस्त्री करताना तिला प्रथमच जाणवले होते की आजवर ते तिने स्वतःसाठी कधी घातलेच नाहीत. निवडणुकीच्या गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा, तो दुरून दिसावा म्हणून पांढरा. आणि आवाज असा लावायचा की शेतात वाकलेल्या माणसाने कंबर सरळ करून पाहावे. तोनोसेच्या खोऱ्यात अशा कामाच्या बायकांना ‘गाडीतली पाखरं’ म्हणत. पाखराने झाडाचे नाव घ्यावे, स्वतःचे नव्हे, हा त्या कामाचा न बोललेला नियम होता.

लग्नाआधीपासून किनुए पुरुषांची नावे पुकारत आली होती. एका निवृत्त शिक्षकाचे, एका दारूभट्टीवाल्याचे, एका पूल बांधणाऱ्या ठेकेदाराचे. शेवटचे नाव तिच्या थोरल्या दिरांचे, शिमानुकी यासुजींचे. त्यानंतर गावाने मतदान करणेच सोडून दिले. खोऱ्यात वाड्या बारा, नगरसभेत जागा बारा. दर वाडीने एक माणूस ठरवायचा आणि अर्ज भरायचा. अर्ज जेवढे, तेवढ्याच जागा. मग मतपेटी कशाला? चार निवडणुका अशा गेल्या. “भांडण नको, खर्च नको,” लोक म्हणत, आणि ते अशा सुरात म्हणत की जणू काही तो खोऱ्याचा एखादा जुना सद्गुणच होता. कोणाला कोण हवे आहे, हे सोळा वर्षांत कोणी कोणाला विचारले नव्हते.

त्याच शांततेत गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. किनुएची लेक आयामे डोंगरापलीकडच्या रुग्णालयात पोहोचलीच नाही; रुग्णवाहिकेतच, बोगद्याच्या पिवळ्या दिव्यांखाली ती बाळंत झाली. मूल वाचले, आयामेही. किनुए दिरांकडे गेली आणि तिने एवढेच विचारले, “भाऊजी, विभाग बंद करायला सभेत हात कोणी वर केला?”

“हात कशाला वर करावा लागतो?” यासुजी शांतपणे म्हणाले. ते थोरल्या घराचे कर्ते होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे, कारण तो चढवायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. “सगळे गप्प होते. गप्प म्हणजे मंजूर.”

त्या दिवशी तिने ठरवले.

यासुजींनी तिला समजावून पाहिले. आधी घरी येऊन, मग तिच्या नवऱ्याकरवी, तामोत्सुकरवी. शेवटी पुन्हा स्वतःच.

“अगं, तुला सभेत बसायचंय ना? मग पुढच्या खेपेला मी बाजूला होतो, तुला बसवतो. वाडीला मी सांगेन. पण या वर्षी तेरावा अर्ज नको. गावात फूट पडेल.”

“मला बसायचं नाही, भाऊजी. मला मोजून घ्यायचंय.”

“म्हणजे?”

“माझं नाव कागदावर किती जणांनी लिहिलं, ते मला बघायचंय. दहाच निघाली तरी चालतील. पण मोजलेली हवीत.”

यासुजींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि धाकट्या भावाकडे पाहिले. तामोत्सु चटईच्या काठाकडे पाहत होता.

*

मंगळवारी, अर्जाच्या दिवशी, रस्त्याच्या कडेला मळके बर्फ अजून साचलेले होते, आणि त्यातून भाजीच्या रानकळ्या हिरवट डोके काढत होत्या. नगरकार्यालयातल्या कारकुनाने किनुएचा अर्ज दोन्ही हातांनी घेतला, वाचला, पुन्हा वाचला, आणि इतके खाली वाकून नमस्कार केला की त्याचा चेहरा तिला दिसलाच नाही. कागदपत्र चोख होते. बारा जागांना तेरावी उमेदवार. तोनोसेत येत्या रविवारी मतदान होणार होते.

चौकातल्या लाकडी फळ्यावर तिने आपला फोटो स्वतः चिकटवला. कोपरे अंगठ्याने दाबले. शेजारच्या चौकटीतून यासुजी तिच्याकडे पाहत होते.

प्रचार अर्जाच्या दिवसापासूनच सुरू होई. गाडी तामोत्सु चालवणार होता. मागे किनुए, तिच्या शेजारी हागिनो, शाळेपासूनची मैत्रीण, मासळीवाल्याची बायको, जिला गप्प बसणे हा आजार वाटे. छपरावर कर्णा, हातात माईक. महिला मंडळाच्या कितीतरी बायकांनी चार भिंतींत शब्द दिला होता. गाडीत चढली ती एकटी हागिनो.

पहिल्या गल्लीत गाडी वळली. किनुएने खिडकी खाली केली, हात बाहेर काढला, श्वास पोटात घेतला, आणि तिचा आवाज, तोच जुना, काठोकाठ भरलेला, खोऱ्यावर पसरला.

“शिमानुकी! आपल्या हक्काचे, आपल्या विश्वासाचे, शिमानुकी यासुजी—”

गाडी थांबली. मग सोयाबीनच्या पनीरचे दुकान चालवणाऱ्या बाईने हातातले भांडे खाली ठेवून खो खो हसायला सुरुवात केली.

“अगं किनुएबाई, थोरल्या दिराचा प्रचार करायला एवढी नवी साडेसाती कशाला मागे लावून घेतलीस? घरी बसून केला असतास!”

“जुनं घोडं आहे ते, ताई!” हागिनोने खिडकीतून ओरडून उत्तर दिले. “तबेला बदलला तरी पाय जुन्याच दाराकडे वळतात. उद्या बघा!” मग आत वळून हळूच, “किनुए, तुझं नाव काय ते आठवतंय ना? का लिहून देऊ?”

किनुएचे कान तापले होते. तिने माईक पुन्हा तोंडाशी नेला. दुसऱ्याचे नाव घेताना माणूस एका भिंतीआड उभा असतो. स्वतःचे नाव घेताना भिंत नसते, हे तिला ठाऊक नव्हते. “शिमानुकी किनुए,” ती म्हणाली. कर्ण्यातून ते नाव बाहेर पडले, समोरच्या टेकडीवर आपटले आणि जरा वेळाने परत आले, एखाद्या अनोळखी बाईने दुरून ओळख द्यावी तसे. तिने ते पुन्हा घेतले. तिसऱ्या खेपेला तिचा आवाज थरथरला नाही.

पुरुष पाठ फिरवत होते, आणि तेही अदबीने. पण किनुएला हात वाचता येत होते. ती विद्या तिला त्या गाडीनेच शिकवली होती. खांद्याच्या वर गेलेला हात म्हणजे शिष्टाचार. छातीशीच हललेला, शेजारणीला दिसू नये असा हात म्हणजे मत. एक पडदा वीतभर सरकला. वाळत घालताना एका सुनेने ओले फडके गरजेपेक्षा जरा उंच धरले. रोपवाटिकेत एक बाई उभी राहिली आणि तिने चिखलाचा पंजा नुसता उघडला.

“येतंय गं, येतंय,” हागिनो पुटपुटली. किनुएच्या आत कुठेतरी बर्फाखालून पाणी वाहू लागले होते.

दुपारी नदीकाठी त्यांनी गाडी उभी केली. भाताचे गोळे, खारवलेली पाने, थर्मासमधला चहा. आयुष्यभर किनुएने उमेदवारांसाठी असे गोळे वळले होते. आज पहाटे उठून स्वतःसाठीही तिनेच वळले. तामोत्सुचा फोन वाजला. तो पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. परत आला तेव्हा त्याने अर्धा राहिलेला गोळा पुन्हा कागदात गुंडाळला.

“कोण होतं?” किनुएने विचारले.

“कोणी नाही. कारखान्यातून.” मग जरा वेळाने, “दुपारी वरच्या वाडीकडे जाऊ या. इवाबिराला.”

“अहो, तिथं आता राहतंय कोण? चार घरं. खालच्या बाजारात जाऊ, पाच वाजेपर्यंत बायका तिथेच असतात.”

“मत ते मत,” तामोत्सु म्हणाला. “तू पुकारायला गेली नाहीस, असं कोणी म्हणायला नको.”

तिने त्याच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिची बाजू उघडपणे घेतल्याचे तिला आठवत नव्हते. आज तो घेत होता, इतक्या साध्या शब्दांत. तिला भरून आले. ते दिसू नये म्हणून ती थर्मासचे झाकण उगाच पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

इवाबिराचा रस्ता वळणावळणाचा. बंद घरांच्या दारांना फळ्या ठोकलेल्या, अंगणांतली झाडे छपरांवर रेललेली. त्या ओसाडीत किनुए आपले नाव पुकारत राहिली. शेवटच्या घरामागे मुळ्याच्या वाफ्यात एक म्हातारी होती. आवाज ऐकून ती हळूहळू सरळ झाली, तिने डोक्याचे फडके सोडले आणि कर्ण्याच्या दिशेने कमरेतून वाकून नमस्कार केला. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तशीच वाकलेली होती.

“हे एक तर पक्कं,” हागिनो म्हणाली.

“हो,” किनुए म्हणाली. “हे एक पक्कं.”

उतारावर असताना खोऱ्यातल्या खांबांवरचे भोंगे रोजच्यासारखे वाजले. मुलांना घरी बोलावणारी पाचची धून. धून संपली, तरी भोंगे बंद झाले नाहीत. नगरकार्यालयातला कारकून बोलत होता. उमेदवार शिमानुकी यासुजी यांनी आज पाचच्या मुदतीत अर्ज मागे घेतला असून, उमेदवारांची संख्या जागांइतकीच राहिल्याने मतदान होणार नाही. सर्व बारा उमेदवार निवडून आल्याचे—

त्याचे वाक्य पूर्ण व्हायच्या आतच गाडीतल्या माईकचा लाल दिवा विझला. तामोत्सुचा हात बटणावर होता. मतदान नाही म्हटल्यावर प्रचार करणे गुन्हा ठरते, हे खरेच. पण तो हात दचकला नव्हता. तो वाट पाहत होता.

किनुए त्या हाताकडे पाहत राहिली.

“अहो,” ती अखेर म्हणाली, “नदीवर कोणाचा फोन होता?”

तामोत्सुने आरशात पाहिले नाही. “दादांचा,” तो म्हणाला. “कार्यालयाच्या आसपास तू असू नयेस, म्हणाले. तू तिथं तमाशा केला असतास, तर तुझंच हसं झालं असतं. शेवटी तू निवडून आलीस ना?”

हागिनो प्रथमच गप्प होती.

*

घरी पोहोचण्याआधीच घर भरले होते. दारात ओळीने जोडे, आत काळे सूट. यासुजी मधोमध बसलेले, आणि त्यांच्यासमोर एका मेजावर लाल दारुमा बाहुला. एक डोळा सकाळी संकल्प करताना किनुएने रंगवलेला, दुसरा, जिंकल्यावर रंगवायचा तो, अजून पांढरा. वार्ताहर कॅमेरा घेऊन आला होता. यासुजी उठले.

“काळ बदलतोय,” ते त्याच संथ आवाजात म्हणाले. “बायकांनी पुढं यायला हवं, असं मी नेहमीच म्हणत आलो. आमच्या घरातल्या धाकट्या सुनेसाठी जागा मोकळी करताना मला आनंदच आहे.”

पुरुषांनी माना हलवल्या. कोणीतरी डोळे पुसले. मग तीनदा जयघोष झाला, तिन्ही वेळा सर्वांचे हात छताकडे गेले, आणि प्रथेप्रमाणे निवडून आलेल्याने गुडघ्यांवर बसून, तळवे चटईवर टेकून आभार मानायचे होते. सगळे थांबले. किनुए उभी होती. तिच्या हातात अजून ते मोजे होते. उभे राहण्यासाठी तिच्यापाशी एकही मत नव्हते, हे तिला त्या शांततेत नेमके कळले. ती बसली. वाकली. दिवे चमकले. दारुमाचा दुसरा डोळा तिने रंगवला. ब्रश तिच्या हातात यासुजींनी दिला होता.

चहाची किटली भरायला ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा ते मागोमाग आले.

“का केलंत, भाऊजी?”

“रागावलीस?” ते दाराच्या चौकटीला टेकले. तिथे, भांड्यांच्या वाफेत, ते अचानक थकलेले म्हातारे दिसले. “खरं सांगू? मतं मोजली असती, तर तुला किती पडली ते तुला कळलं असतं. आणि मला किती पडली, ते सगळ्या गावाला. सोळा वर्षं माझी मूठ झाकलेली आहे, किनुए. ती सव्वा लाखाची आहे. तुझीही आता आहे. घे, आयती मिळाली.”

“मला उघडायची होती.”

“तुला माहीत नाही म्हणून,” यासुजी म्हणाले. आणि त्यांच्या आवाजात दया होती, ती तिला सर्वांत जास्त बोचली. “आत किती असतं, ते तुला माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी माणसे आली आणि चौकातला फळा खिळे उपटून घेऊन गेली. त्यानंतर किनुए जिथे जाई तिथे बायका तिचा हात धरत. पनीरवाली म्हणाली, “मी तर तुम्हालाच देणार होते हो!” टपाल कार्यालयातली म्हणाली. रोपवाटिकेतली म्हणाली. जिने त्या दिवशी खिडकी लावून घेतली होती, तीही म्हणाली. चार दिवसांत तिला इतकी मते मिळाली की खोऱ्यात तेवढी माणसेही नसतील. त्यांतले एकही मत कागदावर नव्हते, म्हणून एकही खोटे ठरणार नव्हते. कोण खरे बोलते आहे, हे आता त्या बायकांनाही ठाऊक नसावे.

शनिवारी ती हागिनोच्या दुकानात गेली. हागिनो माशाचे खवले काढत होती.

“तू दिलं असतंस ना?” किनुएने विचारले.

“हा काय प्रश्न झाला? गाडीत कोण बसलं होतं तुझ्या?”

“गाडीत बसलीस. कागदावर काय लिहिलं असतंस?”

हागिनोचा सुरा थांबला. आत नवरा बर्फ फोडत होता. त्याचा आवाज येत होता.

“आमचं दुकान थोरल्या घराच्या जागेत आहे, किनुए,” ती हळू म्हणाली. “मतदानाच्या आडोशात कोणी बघत नाही, हे मला माहीत आहे. पण मंगळवारी भोंगा वाजला ना, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की... मला स्वतःचीच लाज वाटली. आडोशात गेल्यावर माझ्या हातून काय लिहिलं गेलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.” मग तिने एक चांगला मासा कागदात गुंडाळून पुढे केला. “हा ने. रागावू नकोस.”

किनुएने मासा घेतला. न घेणे म्हणजे मत मोजण्यासारखे झाले असते.

*

रविवारी सकाळी तिला घरात राहवेना. ज्या वेळी मतदान सुरू व्हायचे, त्या वेळी ती शाळेच्या व्यायामशाळेपाशी गेली. का गेली, हे तिला सांगता आले नसते; मेलेल्या माणसाच्या वाढदिवसाला उगाच गोड करावे, तसे काहीतरी. दाराला कुलूप होते. पायरीवर, हातगाडीला टेकून, एक म्हातारी बसली होती. डोक्याचे फडके किनुएने ओळखले. इवाबिराची, मुळ्याच्या वाफ्यातली.

“लवकर आले वाटतं मी,” म्हातारी म्हणाली. कमरेच्या पट्ट्यातून तिने मतदानाची चिठ्ठी काढली. घडी घालून घालून मऊ पडलेली. “उजाडायच्या आत निघाले. उताराला गुडघे ऐकत नाहीत बघ. दार कधी उघडतात?”

“आजी, मतदान नाही आज. मंगळवारीच रद्द झालं. भोंग्यावर सांगितलं होतं.”

“आमच्या वरचा भोंगा कधीचा मुका आहे. अन् बोलला तरी मला कुठं ऐकू येतंय.” मग तिने डोळे बारीक केले. “पण तुझा आवाज ओळखला मी परवा. वारा होता, शब्द काही कळले नाहीत. पण सूर ओळखला. किती वर्षांनी आलीस! म्हटलं, आली बाई आपली. आता मत द्यायला जायलाच हवं.”

किनुए तिच्या शेजारी पायरीवर बसली. मंगळवारपासून ती मनात एकच मत जपून होती, आणि ते मत उजाडायच्या आत निघून, गुडघे दुखवत, खाली आले होते.

“कुणाचं नाव लिहिणार होतात, आजी?”

“हे काय विचारणं?” म्हातारी हसली. तिच्या तोंडात दोनच दात होते. “यासुजींचं. तुझ्या आवाजात दुसरं नाव कधी आलंय का?”

व्यायामशाळेच्या पत्र्यावरून बर्फाचा एक तुकडा घसरून खाली पडला.

“या वेळी दुसरं होतं,” किनुए म्हणाली. “शिमानुकी किनुए.”

“ती कोण?”

“मी.”

म्हातारीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “तू उभी राहिलीस? अन् मग नाव कोणी पुकारलं?”

“मीच.”

“स्वतःचं? स्वतःच्या तोंडानं?” म्हातारीने तोंडावर हात ठेवला. “अगं बाई. लाज नाही वाटली?”

“वाटली.”

“मग,” म्हातारी जरा विचार करून म्हणाली, “मी आज चुकीचंच नाव लिहून आले असते की. बरं झालं, दार बंद होतं ते.”

तिने चिठ्ठी पुन्हा घडी घालून पट्ट्यात खोचली. किनुएने हातगाडीची मूठ धरली आणि दोघी चढाला लागल्या. वाटेत म्हातारीने तिचे नाव दोनदा विचारले; किनुएने दोन्ही वेळा सांगितले, दुसऱ्या वेळी बरेच मोठ्याने, कारण वारा होता. रिकाम्या घरांवरून ते नाव पुढे गेले आणि परत आले नाही.

शेवटच्या घरापाशी म्हातारीने हातगाडी तिच्या हातातून घेतली, कमरेतून खोल वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली,

“यासुजींना माझा नमस्कार सांग हं. म्हणावं, म्हातारी येऊन गेली.”